एमजीबीचं सस्पेन्शन: आधी प्ले काढा, मग स्प्रिंगा घ्या

वळणावर गाडी लोळते, रस्त्याच्या सांध्यांवर खडखडते, आणि जरा वेग घेतला की स्टिअरिंगला सतत बारीकसारीक दुरुस्त्या द्याव्या लागतात. जुन्या एमजीबीच्या, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीच्या छोट्या स्पोर्ट्स गाडीच्या, मालकाची तक्रार साधारण अशीच असते, आणि तिला जोडूनच प्रश्न येतो: कडक स्प्रिंगा टाकू का? माझं उत्तर ठरलेलं आहे. इतक्यात नको. गाडीत ढिलं काय आहे, म्हणजे प्ले कुठे आहे, ते आधी शोधा. ढिल्या सांध्यांवर कडक स्प्रिंग बसवली की गाडी आदळते जास्त आणि रस्ता धरते तेवढाच.

निवृत्त होईपर्यंत मी यंत्रभागांच्या तपासणी विभागात होते. हातात मायक्रोमीटर, समोर ड्रॉइंग आणि शेजारी "मॅडम, चालेल हो" म्हणणारा प्रॉडक्शनवाला. ती सवय गॅरेजमध्येही सुटलेली नाही. आधी माप, मग मत. माझा भाचा मदतीला येतो, त्याची घाई वेगळी. "मावशी, सरळ दोन इंच खाली करू या ना, काय दिसेल!" दिसेल छानच. पण एमजीबी मुळातच जमिनीलगत आहे, आणि दोन इंच उतरवल्यावर पुढचा विशबोन (चाक धरणारा बाहू) बंप रबरावर (त्याला शेवटी थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) बसायला किती जागा उरते हे मोजल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही.

हे सगळं एमजीबीबद्दल आहे, एमजीसीबद्दल नाही. दिसायला जुळी बहीण असली तरी एमजीसीला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) आणि उभे टेलिस्कोपिक डँपर (शॉक ॲब्सॉर्बर) आहेत, तिचं गणित निराळं.

गाडीची रचना

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. मूळ रचना शेवटपर्यंत तीच राहिली. पुढे खाली विशबोन, त्याच्या तळाशी स्प्रिंग पॅन, पॅन आणि क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन धरणारी आडवी तुळई) यांच्यामध्ये कॉइल स्प्रिंग, आणि वर आर्मस्ट्राँगचा लीव्हर डँपर. या डँपरचे बाहू हाच वरचा विशबोन. त्यामुळे डँपरच्या शाफ्टचं बेअरिंग झिजलं की गाडी उसळते तेवढ्यावर भागत नाही, चाकाचा कोनच डुलायला लागतो. स्टब ॲक्सल (पुढचं चाक ज्यावर बसतं तो आखूड आस) किंगपिन नावाच्या उभ्या पिनवर फिरतो आणि किंगपिन वर-खाली ट्रनियन नावाच्या सांध्यांमध्ये अडकवलेला असतो. मागे एकसंध ॲक्सल, दोन पाट्यांवर (पानांच्या स्प्रिंगांवर) बसवलेला, आणि तिथेही लीव्हर डँपर.

फरक पडला तो १९७४ च्या उत्तरार्धात. अमेरिकेच्या नियमांसाठी मोठे काळे रबरी बंपर आले आणि गाडी एक ते दीड इंच उंच झाली. त्याच वेळी खर्च वाचवायला रोडस्टरचा (उघड्या छताच्या गाडीचा) पुढचा अँटिरोल बार (वळणावरचं लोळणं रोखणारी आडवी सळई) काढून टाकला. उंची वाढवायची आणि बारही काढायचा, याला काय म्हणावं! पुढे १९७७ च्या मॉडेलला पुढचा बार परत आला आणि सोबत मागेही एक बार मिळाला. म्हणून तुमची गाडी मधल्या वर्षांतली असेल तर आधी खाली वाकून बार आहे का ते बघा. नसला, तर लोळण्याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

काम सुरू करण्याआधीची मापं

गाडी सपाट जमिनीवर उभी करा. टायरमध्ये योग्य हवा, टाकीत निम्मं पेट्रोल, डिकीतलं सामान बाहेर. चारही कोपरे दोन-तीनदा दाबून सोडा आणि गाडी थोडी पुढे-मागे ढकला, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल. आता प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा मापात मिसळते, हबपासून मोजलं तर मिसळत नाही. हे चार आकडे पुढे दोनदा लागणार आहेत.

डाव्या-उजव्यात दहाएक मिलिमीटर फरक असेल तर पन्नास वर्षांच्या गाडीला ते माफ. त्याहून जास्त असेल तर बहुतेक पाटा बसलेला असतो. बहुतेक म्हणते, कारण मडगार्डची कड एखाद्या जुन्या अपघातानंतर हाताने ठोकूनही काढलेली असू शकते. खात्रीसाठी चॅसिसच्या पट्टीपासून जमिनीपर्यंतही मोजा. दोन्ही मापं एकच गोष्ट सांगत असतील तरच पाट्याला दोष द्या.

टायरही आत्ताच बघा. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असलेला पण दहा-बारा वर्षांचा टायर लाकडासारखा झालेला असतो. अशा टायरवर सस्पेन्शन जोखण्यात अर्थ नाही, सगळ्यात आधी तेच बदला.

पाने मात्र इंचातले हवेत. नटबोल्ट बहुतेक यूएनएफ (इंचातल्या बारीक) आट्यांचे आहेत. अर्ध्या इंचावर तेरा मिलिमीटरचा पाना चालून जातो, पाऊण इंचावर एकोणीसचा बसतो, पण नऊ सोळांश इंचावर चौदाचा चढत नाही आणि पंधराचा नटाचे कोपरे खातो.

प्ले कुठे आहे

पुढचं टोक जॅकने उचला, चॅसिसच्या पट्ट्यांखाली ॲक्सल स्टँड लावा. चाकाला वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. टक-टक जाणवली तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. आवाज बंद झाला तर प्ले व्हील बेअरिंगमध्ये आहे, कारण ब्रेकने हब आणि स्टब ॲक्सल एक केले. ब्रेक दाबूनही टक-टक राहिली तर किंगपिन किंवा ट्रनियन. मग मदतनीसाला चाक हलवू द्या आणि तुम्ही बोट आधी वरच्या ट्रनियनच्या सांध्यावर, मग खालच्या सांध्यावर ठेवा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. आता चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा, तिथला प्ले स्टिअरिंगच्या टाय रॉडकडे बोट दाखवतो.

व्हील बेअरिंगबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. एमजीबीच्या पुढच्या हबमध्ये दोन बेअरिंगांच्या मध्ये एक स्पेसर (अंतर राखणारी नळी) आणि पातळ शिम (चकत्या) असतात, आणि त्यांनी ०.००२ ते ०.००४ इंच एवढा एंडफ्लोट (हबची आत-बाहेरची मोकळीक) ठरवायचा असतो. काही जण हे तुकडे "जास्तीचे" समजून काढून टाकतात आणि नट अंदाजाने आवळतात. स्पेसरमुळे नट पूर्ण ताकदीने आवळता येतो आणि स्टब ॲक्सलला ताठपणा येतो. हब उघडलात आणि आत स्पेसर सापडला नाही, तर गाडी वळणावर चुकार का वागत होती याचं एक कारण हाती लागलं समजा.

किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत आणि दर ३,००० मैलांना ग्रीस भरायचं असं कारखान्याने सांगितलं होतं. कुणी भरत नाही. चाक हवेत असताना ग्रीसगन मारा, म्हणजे भार उतरलेल्या फटीतही ग्रीस पोचेल, आणि सांध्यांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत मारत राहा. निपलमधून ग्रीस आतच जात नसेल तर निपल बदलून बघा. तरीही जात नसेल तर किंगपिन उघडण्याला पर्याय नाही. सगळ्यात आधी झिजतो तो खालच्या ट्रनियनचा पिन आणि त्याची बुशं (सांध्यातली नळीसारखी अस्तरं), आणि बहुधा तो पिन आत गंजून असा बसलेला असतो की निघता निघत नाही. किंगपिनची नवी बुशं दाबून बसवल्यावर रीम करावी, म्हणजे आतून नेमक्या मापाला कातून घ्यावी लागतात. ते काम घरी करण्यासारखं नाही, मशीन शॉपकडे द्या. स्टब ॲक्सल हाताने फिरवला तर तो किंचित अवरोध देत, पण कुठेही न अडखळता फिरला पाहिजे.

मागे गेल्यावर पाने बाजूला ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत फिरा. पाट्याच्या पुढच्या टोकाचा बोल्ट ज्या ठिकाणी बॉडीत जातो, तिथे आणि बॅटरीच्या खोक्यांच्या आसपास पत्रा आतून गंजतो. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा पापुद्रा निघाला तर सस्पेन्शनचं काम तिथेच थांबवा आणि वेल्डरला बोलवा. सडलेल्या पत्र्यावर नवे पाटे लावणं मी कुणालाही करू देणार नाही.

डँपर

गाडीचा कोपरा दाबून ती किती वेळा हलते ते मोजायचं, ही चाचणी लीव्हर डँपरबद्दल फारसं सांगत नाही. गंजलेली बुशंसुद्धा गाडी छान थांबवतात. मागच्या डँपरचा लिंक खालून सोडवा आणि बाहू हाताने सावकाश पूर्ण वर, पूर्ण खाली न्या. विरोध सगळ्या प्रवासभर सारखा जाणवला पाहिजे. मध्येच हात मोकळा सुटला तर आत हवा आहे किंवा तेल कमी आहे. तेल भरून, बाहू चालवून हवा काढल्यावरही ती पोकळ जागा राहिली तर डँपर गेला.

तेल भरण्याआधी झाकणाभोवतीची माती ब्रशने आणि फडक्याने पूर्ण साफ करा. एक खडा व्हॉल्व्हमध्ये गेला की नवं तेल भरूनही उपयोग नाही. डँपरचं तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर २० वेटचं फोर्क ऑइल चालतं. ब्रेक फ्लुइड कधीही नाही. पुढच्या डँपरला आणखी एक तपासणी लागते: वरचा ट्रनियन सोडवलेला असताना बाहूचं टोक धरून गाडीच्या पुढच्या-मागच्या दिशेने हलवा. शाफ्ट आपल्या घरात डुलताना दिसला, तर तेल बदलून काही होणार नाही. रीकंडिशन केलेला डँपर घ्या, आणि घेतल्यावर तोही बसवण्याआधी असाच हलवून बघा. नुसता काळा रंग मारून आलेले डँपर माझ्या टेबलावरून परत गेलेले आहेत.

टेलिस्कोपिक डँपरचे किट मिळतात. पुढच्या बाजूला जुना लीव्हर डँपर वरचा विशबोन म्हणून ठेवावाच लागतो किंवा त्याच्या जागी वेगळा बाहू बसवावा लागतो, आणि शाफ्टचं बेअरिंग झिजलेलं असेल तर नवा डँपर ते भरून काढत नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीला चांगला रीकंडिशन केलेला, थोड्या कडक व्हॉल्व्हचा लीव्हर डँपर पुरतो असं माझं ठाम मत आहे. मागे टेलिस्कोपिक लावणार असाल तर एक तपासा: ॲक्सल खाली लोंबताना रीबाउंडचा पट्टा आधी ताणला गेला पाहिजे, आणि वर येताना बंप रबर आधी टेकलं पाहिजे. दोन्हीकडे डँपरच्या प्रवासात थोडी जागा शिल्लक हवी. नाहीतर डँपरच थांबा बनतो आणि त्याचा ब्रॅकेट फाटतो.

पुढची स्प्रिंग काढणं

इथे घाई करणाऱ्याने हे काम हातात घेऊ नये. मूळ रोडस्टरच्या स्प्रिंगचा रेट इंचाला ३४८ पौंड. गाडी उभी असताना ती जवळपास तीन इंच दाबलेली असते. म्हणजे तिच्यात सुमारे १,००० पौंडांचा, साडेचारशे किलोंचा जोर कोंडलेला आहे, आणि तो स्प्रिंग पॅनच्या बोल्टांनी धरलेला आहे.

मी आट्यांच्या लांब सळ्यांची पद्धत वापरते. स्टँड चॅसिसखाली, चाक काढलेलं, अँटिरोल बारचा लिंक सोडवलेला. पॅन दोन्ही बाहूंना चार बोल्टांनी बसवलेला असतो. पॅनखाली जॅक लावून किंचित वर उचला, म्हणजे बोल्टांवरचा ताण कमी होईल. समोरासमोरचे, कर्णातले दोन बोल्ट काढा आणि त्यांच्या जागी त्याच मापाच्या, उच्च ताकदीच्या, सहाएक इंच लांब आटेवाल्या सळ्या घाला. बाजारातली साधी मऊ सळी नको, ती ताणली जाते. दोन्ही टोकांना नट, नटाखाली जाड वॉशर, आट्यांना ग्रीस. नट पॅनला घट्ट टेकले की मग उरलेले दोन बोल्ट काढा आणि जॅक हळूच बाजूला घ्या.

आता खालचे नट आळीपाळीने सोडत जा, एकाला दोन फेरे, मग दुसऱ्याला दोन फेरे. पॅन तिरका होऊ देऊ नका. सुरुवातीला नट जड फिरतात, मग हळूहळू हलके होतात, आणि एका क्षणी बोटांनीच फिरायला लागतात. त्याआधी हात पॅन आणि क्रॉसमेंबरच्या मध्ये जाता कामा नये, आणि चेहरा स्प्रिंगच्या रेषेत नको. नट बोटांनी फिरतात म्हणजे स्प्रिंग संपली, आता ती हाताने बाहेर येते. हब लोंबकळत ठेवू नका. ब्रेकच्या नळीवर त्याचं वजन येतं, म्हणून तारेने बांधून ठेवा.

दुसरी पद्धत अशी की पॅनखाली ट्रॉली जॅक ठेवून वरचा ट्रनियन सोडवायचा आणि जॅक उतरवत स्प्रिंग मोकळी करायची. तीही बरोबर आहे. पण विशबोन खाली येताना कमानीत येतो, त्यामुळे जॅकची चाकं मोकळी आणि जमीन गुळगुळीत हवी. जॅक अडकला तर पॅन त्याच्यावरून घसरतो. मला सळ्याच पटतात.

बुश

खालच्या विशबोनच्या आतल्या टोकाची मूळ रबरी बुशं दोन तुकड्यांची असतात आणि लवकर चपटी होतात. चपट्या रबराचा ओघळ वॉशरच्या बाजूने बाहेर आलेला दिसला की बदला. त्यांच्या जागी एमजीबी जीटी व्ही८ची (बंद छताच्या, व्ही८ इंजिनाच्या एमजीबीची) बुशं बसवा, ही माझी पहिली शिफारस. ती व्ही८ गाडी १९७३ ते १९७६ मध्येच बनली, पण तिची धातूची नळी असलेली एकसंध बुशं साध्या एमजीबीच्या विशबोनमध्ये जातात. खडखड जाते, आणि रस्ता पूर्वीइतकाच मऊ राहतो. एवढ्याशा बदलातून इतका फरक देणारी दुसरी वस्तू या गाडीत मला ठाऊक नाही.

पॉलियुरेथेन बुशं जास्त ताठ असतात. रबरी बुश आतल्या आत पिळला जातो, पॉलीचा बुश मात्र नळीवर घसरतो, म्हणून त्याच्याबरोबर येणारं सिलिकॉन ग्रीस सढळ हाताने लावावं लागतं. नाहीतर काही महिन्यांत प्रत्येक गतिरोधकावर जुन्या दाराची कुरकुर ऐकत बसावं लागेल. अँटिरोल बारला पॉली जरूर लावा. मागच्या पाट्यांच्या डोळ्यांमध्ये मी रबरच ठेवते, कारण ॲक्सलला थोडं तिरकं हलावंच लागतं.

आता वहीतला आकडा लागतो. रबर असलेले बुशचे नट हवेत लोंबत्या विशबोनवर शेवटचे आवळू नका. तसं केलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. नट हाताने टेकवा, चाकं लावा, गाडी जाड ठोकळ्यांवर किंवा रॅम्पवर चाकांवर उभी करा, हबपासून कडेपर्यंतचं अंतर वहीशी जुळतं ते बघा, आणि मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. स्प्लिट पिन नव्या.

स्प्रिंग आणि बार

एवढं सगळं झाल्यावर गाडी चालवा. निदान काही दिवस तरी. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं आणि कडक स्प्रिंगांचा विचार आपोआप मागे पडतो.

तरीही लोळणं खुपत असेल तर आधी पुढचा अँटिरोल बार बघा, स्प्रिंग नंतर. बार सरळ रस्त्यावर फारसं काही करत नाही, वळणावरच काम करतो, म्हणून आरामाची किंमत कमी मोजावी लागते. पण जाडी निवडताना जपून. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. मूळचा नऊ सोळांश इंचाचा बार काढून पाच अष्टमांशचा लावला तर ताठपणा दीडपट होतो. पाऊण इंचाचा लावला तर तिपटीहून जास्त. दुकानात हातात धरल्यावर दोन्ही सारखेच वाटतात, गाडीला मात्र तसं वाटत नाही. पुढचा बार फार जाड झाला की गाडी वळणावर नाक बाहेर काढायला लागते. त्यावर उतारा म्हणून मागे जाड बार लावणारेही आहेत. मग आतलं मागचं चाक हलकं होतं आणि वळणातून बाहेर पडताना नुसतं फिरतं. रस्त्यासाठी पाच अष्टमांश ते पाऊण इंच यांच्या मध्येच कुठेतरी थांबा, आणि बारच्या लिंकांची बुशं नवीच घाला.

स्प्रिंगा घेताना एका जोडीच्याच घ्या आणि जीटीच्या स्प्रिंगा रोडस्टरला घालू नका. जीटीचं वजन जास्त म्हणून तिच्या स्प्रिंगा कडक, रोडस्टरमध्ये त्या गाडीला तर्‍हेवाईक उंचीवर उभी करतात. पुढचं टोक किती उतरेल याचा अंदाज असा: स्प्रिंग विशबोनच्या मध्यावर असल्याने तिची उंची अर्धा इंच घटली की गाडी जवळपास इंचभर खाली येते. भाच्याला हवे ते दोन इंच म्हणजे स्प्रिंगमधून फक्त एक इंच, हे त्याला कागदावर काढून दाखवल्यावर तो गप्प झाला. गॅस कटरने किंवा ग्राइंडरने वेढे कापून उंची कमी करण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. कापलेलं टोक पॅनमध्ये नीट बसत नाही आणि उष्णतेने पोलादाची ताकद जाते.

रबरी बंपरची गाडी जुन्या उंचीवर आणायची असेल तर पुढे-मागे सारखीच उतरवा. नुसतं पुढचं टोक खाली आलं तर कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) बदलतो आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावर पकड सोडतं.

मागे नवे पाटे सुरुवातीला उंच बसतात आणि नंतर थोडे उतरतात. म्हणून पहिल्या दिवशीच्या उंचीवरून ठोकळे मागवू नका. पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलच्या पॅडमधल्या भोकात नीट बसलं आहे ना ते बोटाने चाचपून बघा. ते न बसता यू बोल्ट आवळले तर ॲक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालणार असाल तर लांब यू बोल्टही लागतात. यू बोल्टांचे चारही नट थोडे थोडे, आडवे-तिडवे आवळा.

टो-इन

पुढच्या सस्पेन्शनला हात लावला की टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या कडेला किती आत वळलेली आहेत ते माप, बदलतोच. गाडीच्या दोन्ही बाजूंना चार स्टँडवर दोन ताणलेल्या दोऱ्या लावा, हबच्या उंचीवर, एकमेकींना समांतर. एमजीबीचा मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) पुढच्यापेक्षा साधारण पाव इंच जास्त असतो, म्हणजे प्रत्येक बाजूला मागच्या हबपाशी दोरी तीन मिलिमीटर जवळ हवी. तार चाकं असतील तर हा फरक आपल्या गाडीवर मोजून घ्या. स्टिअरिंग मध्यावर. आता पुढच्या रिमची पुढची कड आणि मागची कड दोरीपासून मोजा. दोन्ही बाजूंचा फरक मिळवला की टो-इन मिळतो. तो एक सोळांश ते तीन बत्तीसांश इंच हवा, म्हणजे १.६ ते २.४ मिलिमीटर. गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढे ढकलून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या, कारण जुनं रिम थोडं वाकडं असतंच. टाय रॉड फिरवताना दोन्ही बाजूंना सारखे फेरे द्या, आणि रबरी बूट पिळला जात नाही ना ते बघा.

पहिल्या छोट्या फेरीनंतर यू बोल्ट, स्प्रिंग पॅनचे बोल्ट आणि डँपरचे क्रॉसमेंबरमध्ये जाणारे चार बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. हे शेवटचे बोल्ट जपून, त्यांचे आटे क्रॉसमेंबरमध्येच असतात. महिन्याभराने पाटे बसले की चारही कोपऱ्यांची उंची आणि टो-इन पुन्हा मोजा, आणि वहीत जुन्या आकड्यांशेजारी लिहा.